वकील कोणाचा?

गेल्या दिवाळीची गोष्ट. पाडव्याच्या सकाळी फराळाची ताटे पुढे घेऊन आम्ही घरातली सारी मंडळी बसलो होतो. माझा पुतण्या त्याच वर्षी कायद्याची परीक्षा उतरून सनद घेऊन आला होता; आता तो कोणाच्या हाताखाली बसणार, दिवाणी बाजू धरणार की फौजदारी, अशी चर्चा चालू होती. आमच्या घराला वकिली नवी नाही. माझे वडील तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दिवाणी कोर्टात उभे राहत. नातवाने आजोबांची वाट धरावी यात कोणालाच काही विशेष वाटत नव्हते. परंतु चिरंजीवांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता शांतपणे सांगितले, "मी खेळाडूंचा वकील होणार आहे."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी विचारले, "खेळाडूला वकील कशाला लागतो? पंच असतो की!"

सगळे हसले, तोही हसला. मात्र दुपारी माझ्या खोलीत येऊन त्याने दोन इंग्रजी पुस्तके माझ्यापुढे ठेवली. "काका, तुम्ही पुस्तकांवर लिहिता. ही वाचा, आणि माझे काही चुकत असेल तर सांगा." एरवी असल्या पुस्तकांच्या वाटेला मी गेलो नसतो. यशस्वी होण्याचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांबद्दल माझ्या मनात एक जुना आकस आहे. ती लिहिणारे यशस्वी होतात हे खरे, वाचणाऱ्यांचे काय होते ते कळत नाही. पण पोराने विश्वासाने विचारले होते. वर्षभरात मी ती दोन्ही पुस्तके दोनदा वाचली. त्यांच्याविषयी मला जे वाटले ते इथे लिहीत आहे. आणि ते केवळ पुस्तकांविषयी नाही, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

दोन्ही पुस्तकांचा लेखक एकच : मार्क मॅकॉर्मॅक. पहिले पुस्तक १९८४ सालचे. हार्वर्डच्या व्यापारविद्येच्या शाळेत जे शिकवत नाहीत ते मी सांगतो, अशा अर्थाचे लांबलचक नाव त्याला आहे. दुसरे १९८७ सालचे, 'द टेरिबल ट्रूथ अबाउट लॉयर्स'. म्हणजे वकिलांविषयीचे भयंकर सत्य, आणि तेही एका वकिलाने सांगितलेले. गंमत अशी की, हा गृहस्थ हार्वर्डला शिकलेला नव्हता. त्याने कायद्याची पदवी घेतली ती येल विद्यापीठात.

पुतण्याला पहिल्या पुस्तकाचा पत्ता लागला तो एका व्याख्यानात. १९७९ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना तुम्ही आपली ध्येये लिहून ठेवली आहेत काय, असे विचारले. दहा वर्षांनी पाहिले तर लिहून ठेवणारे मूठभर लोक बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेले होते, अशी एक कथा यशाची व्याख्याने देणारे लोक सांगतात आणि आधार म्हणून या पुस्तकाचे नाव घेतात. आता १९७९ मध्ये दहा मिळवले की १९८९ होतात, आणि पुस्तक छापले गेले १९८४ साली! पाच वर्षांनंतर लागणारा निकाल त्यात कसा येणार, असा प्रश्न कोणाला पडत नाही. हे पुस्तक जितके सांगितले जाते तितके वाचले जात नाही, एवढाच याचा अर्थ.

वाचले तर त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी आधीच कबूल करतो. माणसे, विक्री व वाटाघाटी, आणि धंद्याचा कारभार असे त्याचे तीन भाग आहेत. त्यांतला पहिला मला सर्वांत सरस वाटला. मॅकॉर्मॅकचा डोळा एखाद्या कथाकाराचा आहे. आरंभीच तो रिचर्ड निक्सनची आठवण सांगतो. १९६३ साली पॅरिसला गोल्फची जागतिक स्पर्धा होती. तिथे निक्सन या मंडळींच्या टेबलापाशी आला आणि गॅरी प्लेअर या खेळाडूशी चार शब्द बोलून गेला. काही दिवसांनी एका नामांकित भोजनगृहात तो पुन्हा भेटला; या वेळी टेबलावर दुसरे खेळाडू होते. निक्सन त्यांच्याशीही बोलला. मात्र तीच पाचसहा वाक्ये, जशीच्या तशी! पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या माणसाची सारी पारख लेखकाने त्या दोन भेटींवरून केली आहे. लग्नाच्या मांडवात प्रत्येकाला "फार बरे वाटले हो तुम्ही आलात" म्हणणारे यजमान आपण पाहतोच. पण ते वाक्य मोजून ठेवणारा पाहुणा विरळा.

आणखी एक जागा मला फार आवडली. धंद्यात तीन वाक्ये तोंडातून निघणे कठीण असते, असे तो म्हणतो : मला माहीत नाही, मला मदत हवी आहे, आणि माझे चुकले. ही वाक्ये धंद्यातच कशाला, संसारातही निघत नाहीत. पण वकिलाने ती लिहावीत याला विशेष मोल आहे. ती तीन वाक्ये वाचली तेव्हा हे पुस्तक आपण हाती घेतले ते बरे केले, असे मला वाटले.

लेखकाचे आयुष्यही एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. १९३० साली शिकागोत जन्म. लहानपणी, सहाव्या वर्षी, मोटारीची ठोकर बसून त्याची कवटी फुटली. धसमुसळे खेळ वर्ज्य झाले, म्हणून बापाने मुलाला गोल्फकडे वळवले. विल्यम अँड मेरी महाविद्यालयाकडून खेळताना त्याची गाठ वेक फॉरेस्टच्या एका विद्यार्थ्याशी पडली. त्या विद्यार्थ्याचे नाव अर्नोल्ड पामर. पेनसिल्व्हानियातल्या लॅट्रोब या गावच्या गोल्फच्या मैदानाची राखण करणाऱ्या माणसाचा तो मुलगा. पुढे एक क्लीव्हलंड शहरातल्या वकिलांच्या पेढीवर बसला, दुसरा धंदेवाईक खेळाडू झाला. वकीलसाहेब स्वतः १९५८ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेपर्यंत पोचले होते, म्हणजे हातात खेळ होता. परंतु आपल्यात आणि पामरमध्ये काय अंतर आहे हे त्यांनी वेळीच ओळखले. १९६० च्या सुमारास पामरने आपले सारे व्यवहार या मित्राच्या हाती दिले. या दोघांमधला करार कागदावर नव्हता. नुसते हस्तांदोलन झाले, आणि तेवढ्यावर दोघांनी जन्म काढला.

मॅकॉर्मॅकने पामरसाठी केले काय? त्याने एक साधी गोष्ट ओळखली. जिंकणे चार दिवसांचे असते, नाव टिकते. पामरने मास्टर्स स्पर्धा चार वेळा जिंकली, शेवटची १९६४ साली. अमेरिकन व्यावसायिक मालिकेतला त्याचा शेवटचा विजय १९७३ मधला. पण त्याची रंगीबेरंगी छत्रीची निशाणी त्यानंतर चाळीस वर्षे, २०१६ साली तो वारला तोपर्यंत आणि त्यानंतरही, कपड्यांवर आणि वस्तूंवर झळकत राहिली. पूर्वी खेळाडूचा भाव शेवटच्या सामन्यावर ठरे. या वकिलाने खेळाडूच्या नावाचा संसार त्याच्या मनगटातल्या जोरापासून वेगळा केला. हे काम क्षुद्र आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी आपल्याकडची एक गोष्ट सांगतो.

१९५२ साली आपला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघायचा होता. विनू मंकड यांना लँकेशायरमधल्या हॅस्लिंग्डन या क्लबाचे बोलावणे आले होते. हा गृहस्थ खेळावर पोट भरणारा. त्यांनी निवड करणाऱ्यांना विचारले, मला संघात नक्की घेणार असाल तर मी क्लबाला नकार कळवतो. तसे आश्वासन देण्यास नकार मिळाला. मंकड क्लबाकडे गेले. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर बाद झाले, आणि मग क्लबाची मनधरणी करून मंकडना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी उसने आणावे लागले. त्यांनी तिथे ७२ आणि १८४ धावा काढल्या, पाच बळी घेतले, आणि तो सामना इतिहासात त्यांच्या नावाने ओळखला जातो. माझे वडील ही कथा सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढे. ते म्हणत, "एवढ्या मोठ्या खेळाडूने दारोदार विचारत फिरायचे? त्याच्या वतीने दोन ओळींचे पत्र लिहायला कोणी नव्हते का?" कोणी नव्हते. माझ्या बंधूंनी पाडव्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. पंच मैदानावर असतो. मैदानाबाहेर खेळाडू एकटा असतो, आणि समोर मंडळ असते, क्लब असतो, कारखानदार असतो. त्यांच्या बाजूला वकिलांची कधीच वाण नसते.

तेव्हा खेळाडूला वकील हवा, हे मला पटले. या पुस्तकाविषयी माझी तक्रार निराळी आहे. ती समजण्यासाठी १९६२ सालच्या ओकमाँट येथे जावे लागेल.

ओकमाँटचे मैदान पामरच्या गावापासून जवळ. अमेरिकन ओपन स्पर्धा तिथे होती आणि सारा जनसमुदाय त्याच्या बाजूचा होता. चार फेऱ्या संपल्या तेव्हा तो आणि जॅक निकलस नावाचा बावीस वर्षांचा, नुकताच धंदेवाईक झालेला तरुण बरोबरीत होते. दुसऱ्या दिवशी दोघांची वेगळी फेरी झाली. गोल्फमध्ये ज्याचे टोले कमी तो विजयी. निकलसला ७१ लागले, पामरला ७४. घरच्या अंगणात पामर हरला. आता गंमत पाहा : त्या दिवशी मैदानावर दोघेच होते, आणि दोघांचाही वकील एकच होता. कोणीही जिंकला असता तरी मॅकॉर्मॅक हरणार नव्हता.

यात बेकायदा काही नाही. दोघांनाही ते ठाऊक होते. पुढे प्लेअरसह या तिघांना 'मोठे तिघे' असे नाव देऊन त्यांचे सामने दूरचित्रवाणीला विकण्यात आले, आणि त्यात तिघांचेही भले झाले. परंतु एखादा कारखानदार येतो आणि म्हणतो, मला एका खेळाडूचे नाव माझ्या मालावर हवे आहे. वकिलाने पामरचे नाव सांगायचे की निकलसचे? ज्याचे नाव सांगितले नाही त्याचा तो त्या क्षणी कोण? १९७० च्या सुमारास निकलसने मॅकॉर्मॅकला सोडले आणि आपला कारभार वेगळा थाटला. आपण तिथे दुसरे आहोत असे त्याला वाटत होते, असे जाणकार सांगतात. ते अगदीच निराधार नसावे.

गोष्ट इथेच थांबली असती तरी मी एवढा लेख लिहिला नसता. १९६४ साली इंग्लंडमध्ये वेंटवर्थ येथे जागतिक मॅचप्ले स्पर्धा सुरू झाली. ती उभी केली मॅकॉर्मॅकने, आणि पहिल्या वर्षी जिंकली पामरने. १९६८ साली विम्बल्डनने आपले व्यापारी हक्क सांभाळण्याचे काम त्याच्या आयएमजी या संस्थेकडे दिले. इकडे टेनिसचे नामांकित खेळाडू त्याच संस्थेचे अशील होते. सामने चित्रित करून विकणारी शाखाही त्याचीच. बीबीसीवर गोल्फचे वर्णन करायला तो स्वतः बसे. जगातल्या गोल्फपटूंची क्रमवारी तो आपल्या वार्षिकात छापत असे, आणि १९८६ साली जी अधिकृत जागतिक क्रमवारी सुरू झाली ती त्यातूनच जन्मली. म्हणजे खेळाडू याचा, स्पर्धा याची, चित्रण याचे, वर्णन याचे, आणि कोण पहिला कोण दुसरा हे सांगणारी यादीही याचीच!

आपल्याकडे लग्न जमवणारे मध्यस्थ असतात. ते दोन्ही घरांत जेवतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी त्याला हरकत घेत नाही. पण याद्या करायला बसल्यावर मुलीचा बाप त्यांच्यावर विसंबून राहत नाही. तो आपल्या भावाला शेजारी बसवतो. मॅकॉर्मॅकने मध्यस्थाचा धंदा केला आणि तो उत्तम केला. अडचण एवढीच की, खेळाडू त्याच्याकडे आला तो मुलीच्या बापाने भावाकडे जावे तसा.

याचे समर्थन करता येते, आणि समीक्षकाने ते मांडले पाहिजे. ज्याला साऱ्या बाजू माहीत, त्यालाच मोठा सौदा जमवता येतो. स्पर्धा मोठी झाली तर खेळाडूचे बक्षीस मोठे होते. चित्रण विकले गेले तर दोघांचेही पोट भरते. हे खरे आहे. आज खेळाडू जे कमावतात त्यात या माणसाचा वाटा आहे. पण भाकरी मोठी झाली म्हणजे वाटणीचा प्रश्न संपत नाही. उलट मोठ्या भाकरीच्या वाटणीलाच अधिक नेकीचा माणूस लागतो. आणि या प्रश्नाला या पुस्तकात जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही. समोरच्याला कसे ओळखावे, किती गप्प बसावे, केव्हा उठून जावे हे सारे त्यात येते. मात्र समोरचा कोण आणि आपला कोण, हे जणू ठरलेलेच आहे असे धरून लेखक पुढे जातो.

माझ्या वडिलांची एक आठवण इथे सांगतो. आमच्या गावचे दोन सख्खे भाऊ वाटणीसाठी त्यांच्याकडे आले. भांडण नव्हते. दोघेही म्हणाले, "अण्णा, तुम्हीच दोघांचे बघा. दुसऱ्या वकिलाची फी कशाला?" वडिलांनी दोघांना चहा पाजला आणि सांगितले, "वकीलपत्र मी एकाचेच घेईन. दुसऱ्याने दुसरा वकील बघावा. आणि दोघांचे बघायचेच असेल तर मी वकील म्हणून बघणार नाही, शेजारी म्हणून बघेन. मग फीही घेणार नाही आणि कोर्टात येणारही नाही." भावांनी शेजारी पसंत केला. वाटणी झाली. पुढे चार वर्षांनी विहिरीवरून ते दोघे भांडलेच. पण वडिलांना बोल लावायला दोघांनाही जागा उरली नव्हती. आई मात्र त्या बुडालेल्या फीविषयी पुष्कळ दिवस बोलत असे.

दुसऱ्या पुस्तकाकडे मी मोठ्या आशेने वळलो ते यासाठीच. वकिलानेच वकिलांविषयी लिहिले आहे, म्हणजे निदान इथे तरी हा प्रश्न येईल. वकील साधी गोष्ट अवघड करतात, तासांचा हिशेब लावतात, जमत आलेला सौदा शब्दांच्या काथ्याकुटात मोडतात. म्हणून धंदेवाल्याने त्यांना लगाम घालून वापरावे, असा या पुस्तकाचा रोख आहे. त्यातले बरेचसे खरे आहे, आणि वकिलाच्या घरात वाढलेल्या मला ते वाचताना हसूही आले. परंतु पुस्तक मिटल्यावर लक्षात आले की, हे वकिलाने लिहिलेले नाही. वकिली सोडून गेलेल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरून लिहिले आहे. वकिलाच्या अंगी जो एक गुण सक्तीने बाणवलेला असतो, एका वेळी एकाचेच असणे, त्याची उणीव लेखकाला भासलेली दिसत नाही. ते सत्य भयंकर नाही, म्हणून कदाचित सुटले असेल.

हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण मॅकॉर्मॅकची सावली आपल्या अंगणात केव्हाच पडली आहे. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषकाचे सामने भरवले आणि प्रक्षेपणाचे हक्क त्याच्या संस्थेच्या ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या शाखेला दिले. सरकारी दूरदर्शनने हरकत घेतली, परदेशी यंत्रसामग्री जकातीत अडकली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या मुठीत राहू नये आणि ज्याच्यापाशी पैसा त्याच्याही हाती जाऊ नये. लोकांच्या हितासाठी स्वतंत्र यंत्रणेने तिची राखण करावी, असे न्यायालयाने सांगितले. त्या न्यायपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मॅकॉर्मॅक आणि सावंत दोघेही १९३० साली जन्मलेले, दोघेही कायदा शिकलेले. एकाने खेळ विकता कसा येतो हे दाखवले; दुसऱ्याने विकताना जे सर्वांचे आहे ते कोणाचे एकाचे होत नाही, याची आठवण ठेवली.

पुढे मॅकॉर्मॅक २००३ मध्ये वारला. त्याची संस्था मात्र २००८ साली आयपीएलच्या उभारणीत मदतीला होती. त्याच वर्षी क्रिकेट मंडळाने आपल्या नियमात असा बदल केला की, मंडळाच्या पदाधिकाऱ्याला आयपीएलमधल्या संघाचे मालक होता यावे. स्पर्धा भरवणाराही तो आणि तीत उतरणाराही तोच! जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ज्याला आज हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो शब्द तेव्हा घरोघरच्या वर्तमानपत्रांत आला. त्याच वर्षी नागपूरचे वकील शशांक मनोहर दुसऱ्यांदा मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि अशा तक्रारी ऐकण्यासाठी न्यायमूर्ती ए. पी. शहा यांची नेमणूक झाली. मे २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे स्वतंत्र अध्यक्ष होताना मनोहर यांनी मंडळातले पद सोडले. दोन खुर्च्यांवर एकदम बसता येणार नाही, असा नियमच होता. हा नियम कुणाला रुक्ष वाटेल. माझ्या वडिलांच्या ओटीवर तो फार पूर्वीपासून चालत होता.

आता पुतण्याकडे वळतो. या आषाढात त्याला मुंबईतल्या एका संस्थेकडून बोलावणे आले. पगार असा की, आकडा ऐकून माझ्या बंधूंनी पंचाचा विषय पुन्हा काढला नाही. ही संस्था कबड्डीपटूंचे आणि क्रिकेटपटूंचे करार पाहते, आणि त्यांना विकत घेणाऱ्या संघांनाही सल्ला देते. शिवाय पूर्णवेळ पगाराची नोकरी धरली की आपल्याकडे वकिलाला सनद बाजूला ठेवावी लागते. ज्या पक्षकाराचे काम केले त्याच्या विरुद्ध बाजूने उभे राहू नये, हा बार कौन्सिलचा नियम सनद असलेल्यासाठी आहे. म्हणजे काळा कोट काढून ठेवताना त्याच्या खिशातला हा नियमही खुंटीलाच राहतो. कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा वीस वर्षांचा पोरगा चाळीस पानांचा इंग्रजी करार घेऊन समोर बसेल तेव्हा मात्र तो त्याला वकीलसाहेबच म्हणणार.

पोराने मुलाखतीत नेमके हेच विचारले. एकाच करारात दोन्ही बाजूंना मी सल्ला द्यायचा का? सगळे हसले, असे तो म्हणाला. या धंद्याची रीतच अशी आहे, तुम्ही नवीन आहात, असे उत्तर मिळाले. मग त्याने लेखी मागितले : ज्या करारात मी खेळाडूचे काम पाहीन, त्यात संघाचे काम माझ्याकडे येणार नाही. त्यावर विचार करून कळवू, असे त्यांनी सांगितले. श्रावण गेला, भाद्रपद गेला. नवरात्रात उत्तर आले : असे लेखी देण्याची आमची प्रथा नाही, पण जागा अजून तुमच्यासाठी ठेवली आहे.

त्या रात्री त्याने मला फोन केला. "काका, मॅकॉर्मॅकने तर पामरशी नुसता हात मिळवला होता, कागद नव्हता. मग मी कागद कशाला मागतो आहे?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. ते सुचले पुस्तक तिसऱ्यांदा उघडल्यावर. हस्तांदोलन पुरते ते दोघेच असतात तोवर. दुसरा, तिसरा, मग स्पर्धा, मग दूरचित्रवाणी अशी माणसे वाढत गेली की, ज्याचा हात पहिल्यांदा धरला त्याला काय वचन दिले होते, हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. पामरला त्याची गरज पडली नाही, कारण तो पहिला होता. निकलसला पडली.

मी त्याला नोकरी धर किंवा सोड असे सांगितले नाही. त्याच्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, आणि तत्त्वाचा हप्ता दुसऱ्याने भरावा असे सांगणे सोपे असते. मॅकॉर्मॅकच्या पुस्तकातली ती तीन अवघड वाक्ये मात्र मी त्याला पुन्हा वाचून दाखवली, आणि त्यांना आजोबांचे एक वाक्य जोड म्हणालो : मी तुमचा वकील नाही. हे वाक्य ज्याला वेळेवर म्हणता येते, त्याच्याच तोंडी 'मी तुमचा वकील आहे' या वाक्याला वजन येते. जिथे ते म्हणायची मोकळीक असेल तिथे नोकरी असो वा न असो, तो वकीलच राहील.

त्याला उत्तर कळवायचे आहे ते भाऊबीजेपर्यंत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ते गेलेले असेल किंवा तो अजून विचार करीत बसलेला असेल. दोन्ही पुस्तके मी त्याला परत पाठवली आहेत. पहिले संग्रही ठेवण्यासारखे आहे, दुसरे एकदा वाचण्यासारखे. पहिल्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे, पुस्तक खराब केले म्हणून तो रागावेल, पण वाचेल : "समोर बसलेल्याला ओळखण्याआधी आपण कोणाच्या शेजारी बसलो आहोत ते पाहावे."